पडद्याबाहेर आलेला हात

जमीन हलली तेव्हा लातूरच्या नव्या वस्तीत दोन बायका भांडी घासत होत्या. एक पातेलं कलंडलं. 'हाललं का गं?' 'हाललं असंल.' भांडी घासणं चालू राहिलं. समोरच्या घराच्या गच्चीवर मात्र एक मुलगा पाण्याच्या टाकीला धरून उभा होता, आणि अंधार पडला तरी तो खाली उतरायला तयार नव्हता.

*

भिंतीवर रंगवलेलं: जीवशास्त्र. फक्त जीवशास्त्र. मोजक्या जागा. शुल्क रोख. पालकांनी भेटण्याचा आग्रह धरू नये.

*

मुखेडला, पुष्कळ वर्षांपूर्वी, कोंडाबाईचा नवरा गेला. शेजारच्या बायका तिला घेरून बसल्या. एकीने बांगड्या फोडायला वरवंटा आणला होता. कोंडाबाईची थोरली मुलगी कॉलेजातून तशीच धावत आली आणि आईचे दोन्ही हात तिने आपल्या ओढणीत गुंडाळून घेतले. 'आमच्या घरात हे चालणार न्हाई,' ती म्हणाली. बायका बडबडत उठल्या. वरवंटा तिथेच राहिला, तो दुसऱ्या दिवशी परत करावा लागला.

*

किल्लारीच्या भूकंपानंतर काही वर्षं लातुरात खोली बघायला येणारे पालक आधी वर बघायचे. पत्रा असेल तर चप्पल काढायचे. स्लॅब असेल तर रस्त्यातूनच परत. मग शिकवण्या वाढल्या, निकाल वाढले, मुलं वाढली, आणि डोक्यावर काय आहे हे कुणी विचारेनासं झालं.

*

एका दाराला दोन कुलपं. खालचं मुलांचं, वरचं मालकाचं.

एक. कुलूप

सन दोन हजारच्या जुलैचा पहिला आठवडा. नांदेडच्या कोर्टात वकिली करणारी रेणुका सोनकांबळे या दोन कुलपांसमोर उभी होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ आनंदराज. त्याने आदल्या दिवशी एसटीडीवरून फोन केला होता: 'अक्का, खोलीला कुलूप घातलंय. पेटी आत हाय.'

पेटीत त्याचे मूळ कागद होते. टीसी, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला. परवा औरंगाबादला मेडिकलच्या प्रवेशाची फेरी होती. आनंदराजचं नाव यादीत होतं. मूळ कागद दाखवले नाहीत तर जागा पुढच्याला.

कुलूप घालणारा मुज्तबा पायरीवर बसला होता. घराचे मालक जिलानी शेठ त्याचे चुलते. ते फेब्रुवारीच्या शेवटी वारले, तेव्हापासून नांदेडहून येऊन तो इथला कारभार बघायचा, म्हणजे महिन्यातून एकदा येऊन चिडायचा.

'वकीलबाई, खोली तिघांनी मिळून घेतली. चाचा गेल्यापासून भाड्याचा एक पैसा नाही. तिघांतला एक एप्रिलात पळाला. आता उरलेल्या दोघांनी भरायचं.'

'आणि दोघांतला एकच हाताशी असला तर?'

'मग त्यानं. सगळं.'

कायद्याने तो बरोबर होता. एकत्र घेतलेल्या खोलीचं भाडं मालक कुणाही एकाकडून पूर्ण मागू शकतो. ज्याने दिलं त्याने मग बाकीच्यांच्या मागे फिरायचं. रेणुका हे दर आठवड्याला कुणाला तरी समजावत असे. कागद अडवून ठेवणं मात्र कायद्यात बसत नव्हतं. तेही तिला माहीत होतं, आणि त्यासाठी अर्ज केला तर तारीख किती लांबची मिळते तेही.

'इतके महिने कुणी मागितलं कसं नाही?'

मुज्तबा जरा ओशाळला. 'चाची इद्दतीत हाय. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर नाही, परक्या पुरुषासमोर नाही. मला वाटलं भाडं तिच्याकडं येऊन राहिलंय. तिला वाटलं माझ्याकडं.'

'आधी भाडं कोण आणून द्यायचं?'

'व्यंकटी. तिघांचं तोच खाली आणायचा. चाचांचा लाडका होता. भूकंपातला पोरगा ना, आई-बाप गेलेला.' मुज्तबाने पायरीवरची माती पायाने सारली. 'लाडका होता म्हणून तर नीट पळाला. उद्या औशाच्या ठाण्यात त्याचं नाव देतो. दोन पोलीस गावात गेले की पैसे कुठं हायेत ते आपोआप बोलंल.'

जिन्यात तिसरा मुलगा उभा होता, मुरुडचा अम्मार. तो खाली बघत होता.

आणि तेव्हा, इतका वेळ भिंतीशी गप्प असलेला आनंदराज बोलला.

'व्यंकटीनं दिलेत पैसे. म्या माझ्या डोळ्यानं पाहिलंय.'

दोन. आनंदराजने पाहिलेलं

'कुठं?'

'इथंच. म्या जिन्यात होतो. व्यंकटी खाली दाराशी गेला. पडद्यातून चाचीनं हात काढला.'

'चाचीनं?'

'हाव. हिरव्या बांगड्या होत्या हातात. पैसे घेतले. हात आत गेला.'

'कधी?'

'चाचा गेल्यावर लगेच, मार्च लागला तवा. मग एप्रिलात बी, त्यो गावाला जायच्या आधी, जूनपर्यंतचे.'

'दोन्ही वेळा असंच?'

'असंच. तोच हात.'

रेणुकाला भावाचा अभिमान वाटला. पळून गेलेल्या मित्राची बाजू घ्यायला किती जण तयार होतात? व्यंकटीला चोर ठरवणं आनंदराजला किती सोपं होतं.

मुज्तबा मात्र उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. तो अम्मारकडे बघत होता आणि अम्मार त्याच्याकडे, आणि दोघांना एकच गोष्ट कळली होती, जी या भावाबहिणीला कळलेली नव्हती. मुज्तबा पडदा सारून आत गेला. आत काहीतरी आदळलं. मग एका मुलीचा आवाज आला, अगदी हळू.

'मैं नई ली, भाईजान. अल्ला कसम, मैं नई ली.'

आनंदराजने बहिणीकडे पाहिलं. 'ही कोन बोलून राहिली?'

तीन. अम्मारची उत्तरं

'सदफ. चाचीच्या बहिणीची लेक, नांदेडची. चाची एकटी पडली म्हनून राहायला आली. सगाई झालीय तिची, देगलूरला दिलंय.

'ताई, आता कसं सांगू तुम्हाला. चाचीच्या हातात बांगड्या कशा असतील? चाचा गेले त्याच दिवशी काढल्या. इद्दतीत बाई बांगडी घालत न्हाई, सुरमा घालत न्हाई, काहीच न्हाई. घरात हिरव्या बांगड्यांचा हात एकच हाय.

'हाव. म्हनजे सदफनं परक्या पोरांसमोर हात काढला, पैसे घेतले आन मावशीला सांगितलं न्हाई. मुज्तबाभाई तसंच समजले. दुसरं काय समजतील?

'मी बोललो न्हाई. तुमचा भाऊ खरं बोलून राहिला असंल तर मी मधे काय बोलू? आन खोटं बोलून राहिला असंल तर… न्हाई, मी काही म्हनत न्हाई.

'माझा वाटा मी आनंदराजच्या हातात द्यायचो. मी पहाटेच्या बॅचला जायचो ना. तो पुढं व्यंकटीला द्यायचा. असंच चालायचं. मे-जूनचा बी एप्रिलातच देऊन ठेवला होता.

'व्यंकटीला खाली पैसे देताना? चाचा होते तवा रोज बघायचो, दोघं पायरीवर बसून दाणे खायचे. नंतर न्हाई पाहिलं.

'अब्बा म्हनतात, पोटच्या पोराचा वाटा एकदा दिला, दुसऱ्याच्या पोराचा कामून द्यायचा? बरोबर हाय त्यांचं. मुरुडला शिलाईचं दुकान हाय आमचं, मिल न्हाई.

'त्यो गेला कामून? जमीन हालली म्हनून. एप्रिलात जरा हालली होती, तुम्हाला नांदेडला कळली बी नसंल. पन तेवढंच न्हाई, ताई. त्याच्या आधी, परीक्षेच्या दिवसांत, त्यो झोपला होता तवा मी त्याची खाट हालवली. गंमत म्हनून. त्यो ओरडत उठला आन गच्चीवर गेला. त्यानंतर त्यो खोलीत झोपलाच न्हाई. त्याच्या वाट्याची खोली आम्हीच वापरायचो.

'आनंदराज त्या येळी हसला न्हाई. मी हसलो.'

चार. पडद्याच्या आत

कोर्टातल्या कुठल्याही पुरुष वकिलाला या पडद्यापलीकडे जाता आलं नसतं. रेणुकाने बाहेरूनच विचारलं, 'चाची, येऊ का?'

'ये ना बेटी. पडदा तुझ्यासाठी थोडाच हाय.'

अख्तरीबी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरी ओढणी, उघडी मनगटं. वर्षानुवर्षं बांगड्या बसायच्या तिथली कातडी बाकी हातापेक्षा उजळ होती. कोपऱ्यात सदफ आपले कपडे एका चादरीत बांधत होती. हिरव्या बांगड्या तिने कोपरापर्यंत वर सारल्या होत्या, नजरेआड कराव्यात तशा.

'मुज्तबानं तिच्या घरी फोन केला,' अख्तरीबी म्हणाल्या. 'म्हणाला, आजच्या आज पाठवून देतो. आता तिचे सासरवाले काय म्हणतील ते म्हणतील.'

'तुम्हाला काय वाटतं?'

'मला काय वाटायचं? मी चार महिन्यांपासून भिंत बघून राहिले. भाडं आलं का, कुणी दिलं का, विचारायचंच सुचलं न्हाई. विचारलं असतं तर आज हे झालं नसतं.' त्यांनी सदफकडे पाहिलं. 'ही खोटं बोलती असं म्हणवत न्हाई. तो पोरगा खोटं बोलतो असंबी म्हणवत न्हाई. सगळ्यात चांगला तोच होता. चाचांना खांदा द्यायला आला होता.'

'सदफ,' रेणुका म्हणाली, 'तू इथं कधी आलीस?'

मुलीने मान वर केली नाही. 'बकरीद झाल्यावर.'

'म्हणजे मार्च अर्धा उलटल्यावर. त्याआधी इथं कोण होतं?'

'बाया होत्या मातमपुर्शीला, भेटून धीर द्यायला आलेल्या पाहुण्या,' अख्तरीबी म्हणाल्या. 'येत होत्या, जात होत्या.'

त्यांच्यातही बांगड्यांचे हात असणारच. रेणुकाचा धागा तिथेच तुटला. तिने दाराकडे पाहिलं. पडद्यावर गुलाबी फुलं होती. काठाला हाताने टीप घातलेली, जरा वाकडी.

'हा पडदा कुणी शिवला?'

'मी,' सदफ म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज नीट निघाला. 'माझी चादर होती, नांदेडहून आणलेली. उकाडा व्हायला लागला म्हणून दार उघडं ठेवलं आणि ही लावली.'

'आणि त्याआधी? मार्चच्या सुरुवातीला?'

'त्याआधी दारच लावलेलं होतं,' अख्तरीबी म्हणाल्या. 'आतून कडी. सगळे मागच्या दारानं यायचे.' आणि इतक्या महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच त्यांना किंचित हसू आलं. 'बंद दारातून हात कसा निघंल बेटी?'

पाच. ज्यात सगळं सुटतं

रेणुका बाहेर आली तर मुज्तबा तिची वाट बघत उभा होता. तळहातावर किल्ली.

'वकीलबाई, पेटी घेऊन जा. पैसे आमच्या घरात आलेत. तुमच्या पोरांकडं काही निघत न्हाई. त्या व्यंकटीकडं बी न्हाई. मी ठाण्यात जात न्हाई.' त्याने आवाज खाली आणला. 'फक्त ही गोष्ट बाहेर बोलू नका. घरातली लाज हाय.'

अम्मारच्या अब्बांना दुसऱ्यांदा भाडं द्यावं लागणार नव्हतं. व्यंकटीच्या दारात पोलीस जाणार नव्हते. आनंदराज परवा कागद घेऊन औरंगाबादला पोहोचणार होता. कोंडाबाईचा मुलगा डॉक्टर होणार होता. सगळं एका वाक्याने सुटलं होतं, आणि त्याची किंमत आत बसून चादरीला गाठ मारत होती.

किल्ली रेणुकाने घेतली.

सहा. ज्यात सुटत नाही

गच्चीवर आनंदराज टाकीच्या सावलीत बसला होता. जवळच एक गुंडाळलेली सतरंजी पडलेली, उन्हाने रंग उडालेली. व्यंकटी झोपायचा ती जागा.

रेणुकाने मूठ उघडून किल्ली दाखवली. त्याने हात पुढे केला. तिने मूठ मिटली.

'आधी सांग. मार्चात ह्या घराला पडदाच नव्हता. दार होतं, आतून कडी लावलेलं. तू काय पाहिलंस?'

त्याने सतरंजी पायाने जवळ ओढली.

'म्हणजे मार्चातलं खोटं. आणि तू म्हणालास, दोन्ही वेळा असंच, तोच हात. मग एप्रिलातलंही खोटं. तू काहीच पाहिलं नाहीस.'

'अक्का, पोलीस जाणार होते त्याच्या घरी. त्याच्या काकाला हार्टचं हाय.'

'म्हणून वाचवलंस. तेच विचारून राहिले मी. अम्मारचा आणि तुझा वाटा तू व्यंकटीला द्यायचास, त्याने तो खाल्ला, आणि तुझी पेटी अडकली. अशा माणसाला शिव्या देतात, आनंदराज. त्याच्यासाठी खोटी साक्ष देत नाहीत. तू दिलीस, कारण त्याने घेतले नाहीत हे तुला पक्कं माहीत होतं. आणि चाचीपर्यंत ते पोहोचले नाहीत हे पण. दोन्ही टोकं माहीत असलेला माणूस कोण असतो?'

खाली रस्त्यावर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. दुपारची बॅच सुटली होती.

'ज्याच्याकडे पैसे होते तो,' रेणुका स्वतःच म्हणाली.

आनंदराजने सतरंजीची एक दशी ओढली, मग दुसरी. 'चाचा गेल्यावर व्यंकटी म्हनला, बायामानसांच्या दाराशी जायला मला कसंतरी होतं, तू देत जा. त्याचा वाटा बी माझ्याकडंच द्यायला लागला. अम्मारला म्हाईत नव्हतं. त्याला वाटायचं व्यंकटीच देतो.'

'आणि तू?'

'म्या बी गेलो होतो एकदा. दार बंद होतं. परत आलो. म्हनलं उद्या देऊ. मग ते सर म्हनले बायोलॉजीची आता एकच जागा हाय, आज भरा न्हाईतर ऱ्हायलं.' त्याने नाक पुसलं. 'खालून कुनी मागंना. म्हनलं, अक्का पाठवंल तवा टाकून देऊ. पुढच्या महिन्यात बी कुनी मागंना. पुढचा हप्ता दिला.'

रेणुका कठड्यावर बसली. फेब्रुवारीत याच मुलाने फोन करून विचारलं होतं, एक जादा बॅच लावू का. ती म्हणाली होती, तू हुशार आहेस, तुला कशाला बॅच. त्या आठवड्यात तिने चेंबरसाठी टेबल घेतलं होतं, सागवानी, वर काच. फोनवर टेबलाबद्दल ती काही बोलली नव्हती.

'बांगड्या कुठून आणल्यास?' तिने विचारलं.

'काय?'

'हाताला बांगड्या कशाला घातल्यास? नुसता हात म्हणाला असतास तर कुणाचंच नाव आलं नसतं.'

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. 'म्या चाचीचाच हात म्हनलो, अक्का. चाचा गेले, चाची घरात हाय. बाईचा हात म्हनल्यावर…' तो थांबला. 'आईच्या असतात की.'

हो. आईच्या असतात. वडील गेले तेव्हा तो पाटी घेऊन बालवाडीत जात होता. नवरा गेलेली बाई म्हणून त्याने आयुष्यात एकच बाई जवळून पाहिली होती, आणि तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कारण रेणुकाने त्या फुटू दिल्या नव्हत्या. खोटं रचताना त्याने घरातलाच हात उचलून परक्याच्या दारात ठेवला. मुखेडमधली ती दुपार रेणुका भाषणांतून सांगत असे. लोक टाळ्या वाजवत.

'आता काय करू?' आनंदराज म्हणाला.

'किल्ली माझ्याकडं आहे. पेटी काढून आपण दोनच्या बसने जाऊ शकतो. कुणालाही कळणार नाही.'

 ती गंभीरपणे बोलत होती की त्याची परीक्षा घेत होती, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

खाली सदफ दाराशी आली. बोचकं पायाशी ठेवून ती रस्त्याकडे पाठ करून उभी राहिली. तिला बसस्टँडवर नेणारी रिक्षा अजून आली नव्हती.

आनंदराज उठला. जिन्यावर त्याची चप्पल निसटली, ती त्याने तशीच सोडली.

सात. पडद्याच्या बाहेर

तो पडद्यासमोर उभा राहून बोलला. एका पायात चप्पल, एक पाय उघडा. त्याला फार शब्द लागले नाहीत. 'चाची, भाडं म्या खाल्लं. तिघांचं. व्यंकटीनं न्हाई, सदफनं न्हाई. हात म्या पाहिलाच न्हाई.'

मुज्तबाने त्याची कॉलर धरली. सोडवायला कुणी पुढे झालं नाही, रेणुकासुद्धा नाही. शेवटी मुज्तबानेच सोडली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. फोन त्याने केला होता.

'माझा वाटा,' अम्मार हळूच म्हणाला, 'तुझ्या हातात दिला होता रे मी.'

'हाव.'

'अब्बा मला म्हनत होते, तूच उडवला असशील.'

रेणुकाने किल्ली पायरीवर ठेवली. 'मुज्तबाभाई, पैसे तुमच्या घरात आलेले नाहीत. तुम्ही चुकीच्या समजुतीने किल्ली दिली होती. आता ठरवा. भाडं मी भरणार आहे, सगळं, अम्मारकडून काही मागू नका. पण आज माझ्याकडे तेवढे नाहीत, आणि कागद परवा लागतात.'

 मग पडद्यामागून अख्तरीबींचा आवाज आला.

'मुज्तबा, खोली उघड. कुणाचे कागद अडवायचं काम तुझ्या चाचांनी कधी केलं न्हाई.' आणि मग, त्याच आवाजात, 'बेटा आनंदराज, तू एकदा मागच्या दारानं येऊन म्हणायला पाहिजे होतं, चाची, पैसे खर्च झाले. मी काय केलं असतं? रडून राहिले होते, अजून थोडं रडले असते.'

 उत्तर सदफने दिलं.

'इथं बोललास ते इथंच राहील,' ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. 'माझ्या अब्बाच्या कानावर दुसरंच गेलंय. नांदेडला येऊन त्यांच्यासमोर बोलायचं. माझे सासरवाले बसलेले असतील, त्यांच्यासमोर.'

'येतो.'

'मेडिकल झाल्यावर न्हाई.'

'परवाच्या आधी येतो,' तो म्हणाला.

रिक्षा आली. सदफने बोचकं उचललं, थांबली, आणि मावशीने आतून काही म्हणायची वाट बघितली. अख्तरीबी म्हणाल्या, 'जाऊ नको.' सदफ म्हणाली, 'आता बोलावलंय, खाला. न गेले तर अजून वाईट दिसंल.' ती रिक्षात बसली.

मुज्तबाने वरचं कुलूप काढलं. खालचं अम्मारने काढलं. पेटी बाहेर आली तेव्हा ती उचलायला कुणीच घाई केली नाही.

आठ. पत्रा

नांदेडच्या आधी त्यांनी उलट्या दिशेची बस धरली. औसा तालुक्यातलं व्यंकटीचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. सरळ रस्ते, सारखी घरं, आणि सरकारने बांधून दिलेल्या पक्क्या घराच्या पुढ्यात जवळजवळ प्रत्येकाने स्वतः घातलेला एक पत्रा. झोपायला.

व्यंकटी त्या पत्र्याखाली बसून तुरीचं बियाणं निवडत होता. बारीक, रापलेला, रेणुकाला वाटला होता त्यापेक्षा लहान. आनंदराजला बघून तो इतका दचकला की सूप कलंडलं.

'अक्का, बसा. काकी, पाणी आना,' तो म्हणाला, आणि मग आनंदराजला, 'तू येशील असं वाटलंच होतं. मला माफ कर बाबा.'

'मी…' आनंदराज म्हणाला.

'न्हाई, ऐकून घे. म्या असा मधेच निघून आलो. माझा वाटा तुम्हा दोघांवर पडला असंल. मे-जूनचा. अम्मारचे वडील काय म्हनले असतील. रोज मनात येत होतं. लाज वाटून राहिली होती म्हनून चिठ्ठीबी टाकली न्हाई.' तो आत गेला आणि रुमालात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. 'सगळं न्हाई, पन बरंच जमलंय. रोजगार हमीवर गेलो होतो. हे घे. चाचीला माझा सलाम सांग.'

त्याने ते आनंदराजच्या पुढे धरलं. आनंदराजचे हात मांडीवरून हलले नाहीत. काकीने पाणी आणलं, तांब्या खाली ठेवला, आणि दोघांकडे बघून आत गेली.

'घे ना,' व्यंकटी म्हणाला. 'रागावला हायेस का?'

रेणुका जरा बाजूला सरकून बसली. हे तिने बोलायचं नव्हतं.

'व्यंकटी,' आनंदराज म्हणाला, 'ते खाली ठेव. आधी ऐक.'

एप्रिलात व्यंकटी लातूर सोडून गेला तेव्हा त्याची वळकटी बसस्टँडपर्यंत आनंदराजने उचलून नेली होती, आणि औशाच्या बसला गर्दी होती म्हणून खिडकीतून टॉवेल टाकून त्याच्यासाठी जागाही त्यानेच धरली होती. भाड्याचं मात्र त्याने तेव्हाही सांगितलं नव्हतं.